लाल पगडीचं गाणं

पांढुर्णा, १५ ऑगस्ट १९५६

आज झेंडावंदनाला पाऊस वेळेवर आला, पाहुणे मात्र उशिरा. मुली भिजल्या, मी भिजले, झेंडा भिजला. ठाण्याचे नवे साहेब तेवढे छत्रीखाली कोरडे. मग दरवर्षीप्रमाणे नत्थूदादाचं गाणं झालं.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. जाम नदीपलीकडे सावरगावला त्याचा संत्र्याचा बगीचा आहे, पण लोक त्याला ओळखतात ते डफामुळे. बेचाळीसच्या चळवळीत त्याने इंग्रजांच्या लाल पगडीवाल्या शिपायांवर हे गाणं केलं, आणि तेव्हापासून ते आमच्या शाळेतल्या पाढ्यांपेक्षा मुलींना जास्त पाठ आहे.

*लाल पगडीवाल्या शिपायदादा,*
*कोनाचं खातं मीठ?*
*गावाची वाट सोडून देजो,*
*नाई तं खाशीन ईट!*

मग सगळ्यांनी मिळून: *पाड गड्या पाड, पगडी पाड!*

सत्तेचाळीस साली याच मैदानावर याच गाण्यासाठी दादाच्या गळ्यात हार पडला होता. देवकावहिनीने तो सुकलेला हार खुंटीला जपून ठेवला, शेवटी उंदरांनी नेला. आज हार नव्हता. नवे साहेब जबलपूरकडचे. त्यांनी शाळेच्या मोठ्या बाईंना विचारलं, "ये किसके बारे में है?" बाई म्हणाल्या, "पुराना है साहब, अंग्रेजों के जमाने का." साहेबांनी मागे उभ्या असलेल्या शिपायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पगडी तो वही है."

त्या पगड्यांतली एक आमच्या घरची. हे हवालदार आहेत. चेहरा दगडासारखा करून उभे होते, पण अंगठा कमरेच्या पट्ट्यावर ताल धरून होता. तो माझ्याशिवाय कोणाला दिसला नसावा, अशी आशा आहे.

१८ ऑगस्ट

ठाण्यातून हुकूम निघाला. पोळ्याच्या दिवशी लाल पगडीचं गाणं म्हणायचं नाही. निरोप कोणी पोचवायचा? ह्यांनी. मेहुण्याला.

मी म्हटलं, "जा की. बेचाळीसलाही तुम्हीच गेला होता त्याला आणायला."

"तवा हुकूम सायबाचा होता."

"आणि आता?"

"आताही सायबाचाच हाये," असं म्हणून हे भाकरी मोडत बसले. ह्यांच्याशी भांडण करायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारल्यासारखं आहे. आपणच दमतो.

पोळ्याला आमच्याकडे बैलांच्या रांगेत उभं राहून झडत्या म्हणतात. त्यात पाटलापासून सरकारपर्यंत कोणालाही टोमणा मारायची मुभा असते, आणि झडतीतलं बोलणं कोणी घरी घेऊन जात नाही. ही साधी गोष्ट जबलपूरला ठाऊक नसेल, तर त्यात दादाचा काय दोष?

२१ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

नदीला पाणी बेताचं होतं. आम्ही तिघं, हे, मी आणि आमची लेक सुनंदा, पलीकडे माहेरी जाऊन आलो. वहिनीने पुरणाचा घाट घातला होता. राखी बांधून होताच दादाने पुरणाच्या हातानेच डफ ओढला आणि नवं कडवं ऐकवलं.

*नागपूर गेलं, भोपाळ आलं,*
*आमाले पुसलं ना कोनी;*
*तहान आमची जामच्या काठी*
*अन् नर्मदेपारचं पानी!*

मला हसूही आलं आणि आतून काहीतरी तुटलंही. नोव्हेंबरपासून नागपूर जाऊन भोपाळ आपली राजधानी होणार, हे पेपरात वाचणं वेगळं आणि दादाच्या गळ्यातून ऐकणं वेगळं. माझी ट्रेनिंगची परीक्षा नागपूरला, लग्नाचा शालू नागपूरचा, आईचं डोळ्यांचं ऑपरेशन नागपूरला. विदर्भ मुंबई राज्यात चालला, आणि आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे मराठी लोक, पंगतीत वाढपी नेमका आपल्यापाशी येऊन वळावा, तसे राहिलो.

हे जेवून सुपारी कातरत बसले होते. हळूच म्हणाले, "नत्थूजी, म्हनायचंच असन तं पुरं म्हना. शेवटचं कडवं तुमी कदी म्हनतच नाई."

दादा म्हणाला, "अवो जवाई, तिथपर्यंत लोक थांबतेत कुठी? 'पाड गड्या' आलं का सारे नाचाले लागतेत. शेवटचं आईकाले कोनाले येळ हाये?"

"ते कडवं नाई तं गानं अर्धंच हाये."

"अर्ध्यातच मजा हाये!" दादा मोठ्यांदा हसला. हुकमाचा निरोप ह्यांनी सांगितला की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते कडवं मीही इतक्या वर्षांत धड ऐकलेलं नाही, इकडे लगेच गलका सुरू होतो.

येताना नदीकाठी जुने दिवस आठवत राहिले. बेचाळीसच्या श्रावणात पहाटे उठून आम्ही मुली प्रभातफेरीला जायचो. ओल्या मातीचा वास आणि दादाचा डफ. एके दिवशी दोन शिपाई आले आणि दादाला हातकड्या घालून छिंदवाड्याच्या जेलला घेऊन गेले. गाडी तिगावला बराच वेळ थांबली. जोडीदाराला झोप लागली होती. दुसऱ्या तरुण शिपायाने दादाची हातकडी सोडली, आपल्या डब्यातली भाकरी दिली, चहा पाजला आणि म्हणाला, "ते गानं शिकवान का मले?" दादाने तिगावच्या फलाटावर त्याला सगळं गाणं शिकवलं, आणि शिकून झाल्यावर त्या शिपायाने पुन्हा हातकडी घातली. सुटून आल्यावर दादा बाबांना म्हणाला, "मनकर्णेसाठी पोरगा पाहून ठेवला. रामाकोन्याचा हाये, पन पांढुर्ण्याले राह्यते. मीच पारखला." सगळं सावरगाव हसलं. हातकडी घालणाऱ्याला बहीण दिली! असे वेडे दिवस होते ते. आता कोणी असं वेड करत नाही.

४ सप्टेंबर, पोळा

दादा गायला. अर्थात गायला.

बैल सजले होते, तोरणाखाली झडत्या रंगल्या होत्या. तेलाच्या भावापासून भोपाळपर्यंत कोणाला सोडलं नाही. मग कोणीतरी ओरडलं, "नत्थूजी, पगडी!" दादाने दोनदा नाही म्हटलं. दादाचं नाही म्हणजे लग्नात नवरीचं नाही. तिसऱ्यांदा डफ वर गेला, आणि लहानथोर सगळे 'पाड गड्या पाड' म्हणत नाचू लागले. मीही टाळ्या वाजवल्या, हे इथे लिहून ठेवते.

शेवटचं कडवं आजही राहिलंच.

एक शिपाई भिंतीला टेकून साहेबांसाठी गाणं उतरवून घेत होता. मात्रा पुढे धावत होत्या, पेन्सिल मागे राहत होती. दोन कडवी झाल्यावर त्याने वही मिटली.

५ सप्टेंबर

ह्यांना दगड लागला. डाव्या भुवईवर. दवाखान्यात आहेत. शुद्धीवर आहेत. डोळा वाचेल म्हणतात.

६ सप्टेंबर

आज सविस्तर लिहिते.

काल गोटमार होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. सावरगाववाले ते राखतात, पांढुर्णेवाले कुऱ्हाडी घेऊन तोडायला धावतात, आणि दोन्ही काठांवरून गोट्यांचा पाऊस पडतो. इकडच्या मुलाने तिकडची मुलगी पळवून नेली, तेव्हापासून म्हणे हे चालू आहे. मी सावरगावची लेक, पांढुर्ण्याची सून. त्यामुळे दरवर्षी या दिवशी थट्टा माझीच होते आणि जीवही माझाच टांगणीला. एका काठावर भाऊ, दुसऱ्यावर नवरा.

परवा साहेबांनी ह्यांना विचारलं होतं, इतकी डोकी फुटतात तर तक्रार का येत नाही? हे म्हणाले होते, "गोटमारीच्या गोट्याले धनी नसते सायब." साहेबांना ते पटलं नाही.

मी पाटलांच्या गच्चीवरून पाहत होते. दुपार कलली होती. इकडचे लोक झाडाला जाऊन भिडले आणि 'पाड गड्या पाड' सुरू झालं. झाडाजवळ एकजण जखमी होऊन पाण्यात पडला. त्याला ओढायला हे गुडघाभर पाण्यात धावले. माझं लक्ष त्या क्षणी पलीकडच्या काठावर दादाकडे होतं. त्याचा लाल शेला मला लांबूनही ओळखू येतो. कुऱ्हाडवाल्यांवर त्याने हात उगारला, आणि लगेच बायका ओरडल्या म्हणून मी झाडाकडे पाहिलं, तर ह्यांची पगडी पाण्यावरून वाहत चालली होती आणि हे खाली बसले होते.

 

आणि सगळ्यांच्या आधी कोण धावलं असेल? दादा. दोन्हीकडून गोटे थांबायच्या आत त्याने पाण्यात उडी घातली, ह्यांना पाठीवर घेतलं आणि आमच्या काठावर आणलं. त्याचा सदरा रक्ताने भिजला होता. रडत होता तो, इतका मोठा माणूस, लेकरासारखा. भाऊ असावा तर असा. हे मी दवाखान्यात चार बायकांसमोर बोलून दाखवलं, तर दादा उठून बाहेरच गेला. त्याला स्तुती कधी सोसवत नाही.

९ सप्टेंबर

गणपती बसला आणि दादाला धरलं.

गोटा कोणी मारला ते कोणी सांगत नाही, म्हणून साहेबांनी गाणं धरलं. गाण्याने लोकांना पोलिसांवर भडकवलं, त्यातून हवालदाराचं डोकं फुटलं, असा गुन्हा. वाहवा! बेचाळीसला इंग्रजाने जे केलं तेच आपल्या राज्यात. स्वातंत्र्य आलं ते बोलायला आलं ना? का नुसता झेंडा बदलायला?

मला नवल वाटतं ते दादाचं. बेचाळीसला घोषणा देत गेला होता. या वेळी मान खाली घालून शिपायांच्या मागे चालू लागला. वहिनी ओरडत होती, "अवो, सांगा ना काई! गान्यानं कोनाचं डोस्कं फुटते काय?" तो फक्त म्हणाला, "जाऊ दे देवके. माहा गुन्हा हाये."

गाणं म्हटलं हा गुन्हा! इतका स्वाभिमानी माणूस असा खचला, याचं मला फार वाईट वाटतं.

१५ सप्टेंबर

ह्यांना घरी आणलं. सहा टाके. भुवई कायमची तुटली. साहेब स्वतः येऊन गेले, शहाळं घेऊन. माणूस वाईट नाही, हेही लिहायला हवं. ह्यांना म्हणाले, "बापूजी, आज तुम्हें लगा, कल किसी की जान जाएगी. किसी को तो रोकना पड़ेगा." आणि ह्यांच्या उशाशी बराच वेळ बसून राहिले.

मग विचारलं, कोणी मारला ते पाहिलं का? हे म्हणाले, "डोळ्यात पानी उडत होतं सायब."

साहेब गेल्यावर मला ह्यांना विचारायचं होतं, खरंच दिसलं नाही? पण हे कूस बदलून झोपले.

२२ सप्टेंबर

गावाला विसरायचा रोग लागला आहे. साहेबांना कोर्टासाठी गाणं सांगणारा साक्षीदार हवा. न्हाव्याला विचारलं, तो म्हणाला मला फक्त भजनं येतात. पाटील म्हणाले मी बहिरा आहे, आणि ते पुढच्या खोलीतल्या कुजबुजीला उत्तर देतात! मोठ्या बाई म्हणाल्या झेंडावंदनाच्या दिवशी पावसाचा आवाज फार होता. शेवटी साहेब माझ्या वर्गात आले. मी सांगितलं, मी भूगोल शिकवते, नर्मदेचा उगम विचारा.

मागच्या बाकावर एक मुलगी फिस्सकन हसली. साहेबही हसले असावेत, मिशीआड नीट कळलं नाही.

दादाचा जामीन झाला आहे. पण तो नदी ओलांडून इकडे येत नाही.

२७ सप्टेंबर

वहिनी येऊन गेली. दादासाठी जीव टाकते बिचारी. म्हणाली, "त्या दिसापासून डफाले हात नाई लावला. उजवा हात वरच जात नाई म्हंतेत. घास डाव्या हातानं खाऊन राहिले."

मी म्हटलं, "ह्यांना उचलून आणताना लचकला असेल."

"काय मालूम बाई. म्हंतेत, ह्या हाताचं आता काम नाई."

हे पलंगावर पडून ऐकत होते. म्हणाले, "वैनी, नत्थूजीले म्हना, येऊन जा. मी रागावलो नाई."

मला हसू आलं. ह्यांनी कशाला रागवायचं? रागवायचं तर दादाने, ह्यांच्याच खात्याने त्याला धरलं! मी वहिनीला महानारायण तेलाची बाटली दिली. म्हटलं, सकाळ-संध्याकाळ गरम करून खांद्यापासून बोटांपर्यंत चोळ. माझ्या सासूबाईंचा हात त्यानेच उठला होता.

३ ऑक्टोबर

समन्स आलं. मंगळवारी सौंसरला कोर्ट, आणि गाण्याचा साक्षीदार कोण? हे!

साहेबांनी विचारलं, तुला गाणं येतं का, आणि ह्यांनी सरळ सांगितलं, येतं. सगळं गाव दादासाठी बहिरं-मुकं झालं, आणि घरचा जावई म्हणतो येतं.

मी विचारलं, "विसरलो म्हणायला काय झालं होतं?"

"शपथ घ्या लागते."

"माझ्या भावाला जेलात घालायची शपथ?"

"खरं सांगाची." आणि वर, "अवं, सारं गाव अर्धंच गानं लपवून राहिलं. मी पुरं सांगतो."

मला ते बोलणं चलाखीचं वाटलं. खाकी ती खाकीच. एका घरात राहून इतकी वर्षं मी समजत होते की तिगावच्या फलाटावर हातकडी सोडणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे. आज रात्री मी सुनंदाजवळ झोपणार आहे. ह्यांच्याशी बोलणं बंद.

९ ऑक्टोबर, सौंसर

वहिनीच्या मावशीकडे उतरले आहे. झोप येणार नाही, लिहून टाकते.

कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. दादा पिंजऱ्यात, उजवा हात शेल्यात गुंडाळलेला. न्यायाधीश वयस्कर, हिंदी बोलणारे, पण मराठी कळणारे. हे साक्षीला उभे राहिले. नवी पगडी, इस्त्रीचा गणवेश, आणि भुवईवर ती लाल रेघ.

सरकारी वकिलांनी शिपायाने उतरवलेला कागद वाचला. मीठ, ईट, पाड गड्या पाड. विचारलं, "यही गाना है?"

"हो हुजूर. पन हे अर्धं हाये."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. "बाकी आधा?"

"ते बोलून सांगता नाई येत हुजूर. म्हना लागते."

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश म्हणाले, "तो कहिए."

मी डोळे मिटून घेतले. मग राहवेना म्हणून उघडले. ह्यांनी डोक्यावरची पगडी काढली होती. गणवेशातल्या हवालदाराने, भर कोर्टात. ती दोन्ही हातांत धरून हे गात होते. आवाज चांगला नाही ह्यांचा. पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं, दादाचं भोपाळचं नवं कडवंही म्हटलं, काही सोडलं नाही. आणि मग ते, तिगावच्या फलाटावर शिकलेलं:

*पगडी पडली, डोस्कं उघडं,*
*डोस्कं आपल्या भावाचं;*
*ये रे दादा, बस पंगतीत,*
*पानी पी आपल्या गावाचं.*

मला हुंदका आवरला नाही. चौदा वर्षं मी हे गाणं गाते आहे आणि त्याचा शेवट मला आज कळला. इतका गोड शेवट आम्ही दरवर्षी आरडाओरड्यात बुडवत होतो!

दादा तर पिंजऱ्याच्या कठड्यावर डोकं ठेवून रडायला लागला. स्वतःचंच गाणं, पण ह्यांच्या तोंडून ऐकून गहिवरला असेल.

वकिलांनी शेवटचा प्रश्न विचारला. पत्थर किसने मारा? ह्यांनी पगडी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "हुजूर, गोटमारीच्या गोट्याले धनी नसते. आमच्या मुलखात असंच हाये."

"आपने उस किनारे पर किसी को देखा?"

"पाह्यलं. माही सासुरवाडी उभी होती. तिच्यावर मी कागद नाई करत."

पुन्हा सगळे हसले. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, कोई और सवाल नहीं? ह्यांचा हजरजबाबीपणा मला ठाऊक नव्हता. घरी तर तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली काढण्यासारखं असतं.

१६ ऑक्टोबर

काल निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, पुरं गाणं ऐकल्यावर ते पोलिसांना मारायला सांगतं असं म्हणता येत नाही. आणि कडू बोलणं म्हणजे दगड मारणं नव्हे. दादा सुटला.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं होतं तरी लोकांनी पुन्हा गुलाल उधळला. सगळे दादाला म्हणाले, आता म्हण, पुरं म्हण! त्याने डफ दुसऱ्याच्या हाती दिला आणि घरी गेला. कोणी बंदी घातली नाही, खटला जिंकला, आणि आता हा गप्प. देवाने दिलं आणि कर्माने नेलं.

वहिनीला विचारलं, तेल चालू आहे ना? म्हणाली, चालू आहे, फरक नाही.

ह्यांच्याशी मी बोलायला लागले आहे. मीच आधी बोलले. चहा घ्या म्हटलं. हे म्हणाले, "साखर जास्त झाली." एवढाच आमचा समेट.

२४ ऑक्टोबर

ह्यांची बदली. मुरैना!

कोर्टात गणवेशात पगडी काढली आणि गाणं म्हटलं, याची शिक्षा असणार. कागदावर तसं लिहिलेलं नाही. नवं राज्य, नव्या जागा, असं आहे. नकाशात मुरैना मुलींना दाखवताना माझी काठी वर वर जात राहिली. चंबळ आली तेव्हा थांबली. एका मुलीने विचारलं, "बाई, तिथी मराठी बोलतेत का?" मी म्हटलं, आम्ही गेलो की बोलतील.

वर्गात हसले. घरी येऊन रडले.

नदी दिसणार नाही. पोळ्याला पलीकडून दादाचा डफ ऐकू येणार नाही. संत्र्याच्या मोसमात वहिनी टोपली डोक्यावर घेऊन दारात हाक मारणार नाही. बेचाळीसच्या त्या पहाटा मी इतक्या वेळा आठवल्या. आता आठवते, तर कालपरवाचे साधे दिवसही तसेच दूर गेल्यासारखे वाटतात. माणसाने कोणत्या दिवसावर प्रेम करावं हे आधी कळत नाही.

ह्यांना म्हटलं, "विसरलो म्हणाला असता तर इथेच राहिलो असतो."

"हो," हे म्हणाले. "पन मंग नत्थूजी राह्यले नसते."

जेलात गेला असता, असं म्हणायचं असेल ह्यांना.

१ नोव्हेंबर १९५६, आगगाडीत

आज नव्या राज्याचा पहिला दिवस, उद्या दिवाळी, आणि आम्ही ट्रंका घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनवर. साहेब पोचवायला आले होते. ह्यांच्याशी हात मिळवून म्हणाले, "बापूजी, मुझे यहाँ का कुछ समझ में नहीं आया." हे म्हणाले, "येते सायब, हळूहळू येते."

दादा आला. गोटमारीनंतर पहिल्यांदा त्याने आपणहून नदी ओलांडली. केस पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, "मी तिगावपर्यंत येतो." तिकीट काढूनच आला होता.

गाडीत दोघे समोरासमोर बसले, बेचाळीसला बसले असतील तसे. फक्त तेव्हा हातकडी होती, आता मधे सुनंदा आणि संत्र्यांची टोपली. मी वाट पाहत होते की आता जुन्या गोष्टी निघतील. पण दादा ह्यांच्या भुवईकडे बघायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

तिगाव आलं. दोघे फलाटावर उतरले. मी खिडकीतून पाहत होते. दादा वाकला आणि ह्यांच्या पाया पडला. वयाने मोठा, मानाने मोठा, आणि हा बाबा आयुष्यात कोणासमोर वाकला नाही. जावई म्हणून पडला असेल, लांबच्या मुलखात चाललोय म्हणून.

ह्यांनी त्याला उठवलं. त्याचा शेल्यातला उजवा हात बाहेर काढला, मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि जरा वेळ तसंच धरून ठेवलं. मग सोडलं.

"जा नत्थूजी. सोडलं."

"सोडलं?"

"इथीच तं सोडलं होतं पयले."

 हे गाडीत चढले, शिटी झाली. मी बाहेर डोकं काढून ओरडले, "दादा, पुढच्या पोळ्याला गाशील ना?" त्याने मान हलवली. मग गाडी हलली तसा तो फलाटावरून चालत आला, चालता चालता काहीतरी गुणगुणत होता, चाकांच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत. पण ह्यांना ते ठाऊक असावेत, कारण इकडे ह्यांचा अंगठा गुडघ्यावर चालला होता.

फलाट संपला तिथे दादा थांबला, आणि उजवा हात चांगला खांद्याच्या वर उचलून हलवत राहिला. तिगाव दिसेनासं होईपर्यंत तो हात मला दिसत होता.

म्हणजे तेलाचा गुण आला म्हणायचा. मुरैनाला पोचले की वहिनीला लिहीन, अजून आठ दिवस चोळ म्हणावं.